डाव्या हातावरचं पाणी

बाळासोंच्या गोठ्यात कुठलीही नवी गोष्ट काजळीच्या अंगाला लागायच्या आधी बाळासोंच्या डाव्या हाताला लागायची. थंडीत तिला धुवायला कोमट पाणी काढलं, की आधी बाही वर करून कोपराखाली एक तांब्या. शिंगांना चोळायचं तेल, गोचिडाचं औषध, केस भादरायचं यंत्र, सगळ्यांची पहिली हजेरी त्या हातावर. उजवा हात कामात गुंतलेला असायचा, म्हणून डावा.

"तिला इच्यारून काय उपेग?" ते म्हणायचे. "ती सांगणार हाय व्हय, पाणी चटकं देतंय म्हणून? मग आपल्या कातड्यालाच इच्यारायचं."

हातावर पाणी घेतलं की बाळासो डोळे मिटायचे, मान एका बाजूला टाकायचे आणि वैद्यानं नाडी बघून निकाल द्यावा तसे म्हणायचे, "मऊ हाय." एवढं झालं की घरात त्या गोष्टीवर पुन्हा चर्चा नसे. गल्लीत तर चहा गार झालाय का बघायलासुद्धा लोक बोट बुडवून, मान टाकून "मऊ हाय" म्हणायचे आणि खिदळायचे. बाळासोंनाही ते ठाऊक होतं. तेही हसायचे.

संध्याकाळी कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दूध पेल्यात मिळतं. तिथं बाळासोंनी उभी हयात काढली. काजळी ही त्यांची शेवटची म्हैस. पंढरपुरी जातीची, शिंगं तलवारीसारखी मागं गेलेली आणि अंग असं काळंभोर की रस्त्यावरचा दिवा तिच्या पाठीत दिसावा. गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक म्हणायचा, "बाळासो, फेस कमी, दूध जास्त." दुसरा म्हणायचा, "मला नुस्ता फेस चालतोय की." एकदा एक नवखा पावणा पेला हातात धरून म्हणाला, "म्हैस आज जरा गप गप वाटते."

"मग काय गाणं म्हणून दाखवू दे व्हय तुमास्नी?" बाळासो धार न थांबवता म्हणाले. "प्या की गप. गार हुतंय."

दिवाळीच्या पाडव्याला गल्लीत म्हशी सजवून मोटरसायकलच्या मागं पळवतात, तेव्हा दुसऱ्यांच्या म्हशींना त्या आवाजाची सवय लावावी लागायची. काजळीला फक्त बाळासोंची हाक लागायची. "हुर्र काजळे, हुर्र," म्हणत ते पुढं पळायचे आणि गळ्यातल्या कवड्या वाजवत ती मागून. बायको, चिमणाबाई, गेली त्या वर्षी पाडव्याला ते पळाले नाहीत. नुसते चालले. तीही मागून चालली.

मग गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी, कट्ट्यावरच, धार काढताना बादलीतल्या आवाजाचा ताल चुकला. उजव्या हाताखालचा सड चालू होता, डाव्या हाताखालचा थांबला. बाळासोंना वाटलं, काजळीनं दूध चोरलं, वर ओढून धरलं. ते तिला रागानं म्हणाले, "का गं? आत्ताच का गं?" आणि तसेच कुशीवर कलंडले. काजळीनं पाय हलवला नाही. लोक सांगतात, त्यांना उचलून रिक्षात घालेपर्यंत ती दगडासारखी उभी होती. दूध तिनं चोरलंच नव्हतं. बाळासोंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं.

ते वाचले. पाय काठीच्या आधारानं चालू लागला. डावा हात वर व्हायचा, खाली व्हायचा, पण मूठ आवळायची नाही. एवढं घरातल्यांना दिसत होतं. जे दिसत नव्हतं ते बाळासोंनी एकट्या डॉक्टरांना सांगितलं. हाताला काही कळत नव्हतं. डास बसला तर दिसायचा, चावलेला समजायचा नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. घरात बाळासो म्हणाले, "हात जरा आळशी झालाय, एवढंच." कारण मुलगा विजयसिंह काय बोलणार ते त्यांना पाठ होतं.

विजयसिंह कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळ्यांवर जायचा. चांगला पोरगा, पण बोलणं मशीनच्या बटणासारखं, चालू नाहीतर बंद. "आबा, म्हैस काढूया. कोण बघणार तिचं?"

"मी बघतो की."

"बघताय व्हय. बसून बघताय."

उत्तर सुनेनं दिलं. स्वप्नाली एका पतसंस्थेत नोकरीला होती. सासऱ्याला ती मामा म्हणायची. शेजारी बसून, त्यांच्या शिव्या खात खात ती धार काढायला शिकली. "अंगठा आत घाल. आत. तू काय टाइप करालीयास व्हय?" असल्या. पण धार काढणं एक आणि म्हैस धुणं एक. काजळी रात्रभर शेणात बसायची. सकाळी काथ्याच्या चोथ्यानं घासून घासून तिची काळी कातडी वर आणायची. कट्ट्यावर मांडीवर शेणाची एक खपली दिसली तरी गिऱ्हाईक शेजारच्या म्हशीपुढं जाऊन उभं राहतं. वाकून वाकून स्वप्नालीच्या कमरेनं संप केला. डॉक्टरांनी वाकायचं बंद सांगितलं.

विजयसिंह म्हणाला, "झालं. आता तरी काढूया."

"ते गाड्या धुवायचं मशीन मिळतंय बघा घरगुती," स्वप्नाली म्हणाली. "पाण्याची बंदूक असती त्याला. उभ्या उभ्या धुवून होईल. मी धुते."

विजयसिंहनं बायकोकडं बघितलं, बापाकडं बघितलं. "दसऱ्यापातुर बघा. न्हाय जमलं तर मग आबा, एक शब्द बोलायचा न्हाय."

"न्हाय बोलत," बाळासो म्हणाले. म्हणजे आता काजळीचं राहणं त्या मशीनवर आलं.

मशीन निवडायचं म्हटल्यावर बाळासो आधी गेले महंमदकडे. महंमद मुजावर म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा दोस्त आणि रोजचं गिऱ्हाईक. रस्त्याच्या कडेला त्याचं गाड्या धुवायचं सेंटर होतं. ट्रकचा चिखल काढण्यात त्याचा जन्म गेला होता आणि त्या मशीनच्या घरघरीत तो इतका राहिला होता की नमाजाला जाताना सोडल्यास कायम ओरडूनच बोलायचा.

"म्हशीला?" महंमद ओरडला. "अरे खुळ्या, ह्ये पाणी रंग काढतंय ट्रकचा."

"मग नगं म्हणतोस?"

"नगं कुठं म्हणतोय? बारकं घे. एकदम बारकं. पाणी पसरून मारणारं तोंड बसवून घे त्याला. आणि लांबनं मारायचं. लांबनं बघायला ह्ये पाणीच हाय बाळू. जवळ आलं की खिळा हाय." मग आवाज खाली आणत म्हणाला, "मीच आलो असतो रं दुकानात, पण आमच्या लेकीच्या, नाजियाच्या पोराचं बारसं हाय जयसिंगपुरात. तू आपला हातावर घेऊन बघ. ते काय तुला मी सांगायला नगं."

नेमकं तेच त्यानं सांगायला नको होतं. पण त्या हाताला कळत नाही, हे त्यालाही कुठं माहीत होतं?

शाहूपुरीतल्या दुकानात बाळासो आणि स्वप्नाली गेले तेव्हा दारात मशिनं ओळीनं मांडली होती, पिवळी, निळी, लाल, खेळण्यातल्या हत्तींसारखी सोंडा वर करून. विक्रीवाला कोल्हापूरचाच, पण गिऱ्हाईक दिसलं की त्याच्या तोंडात दुसराच माणूस शिरायचा. "या सर, या मॅडम. आपली रिक्वायरमेंट काय आहे? कार, बाईक, टेरेस, पार्किंग? हे बघा आपलं एंट्री लेव्हल. आणि हे सेमी-प्रोफेशनल, जादा बारचं. सेल्फ प्रायमिंग आहे सर, बादलीतलं पाणी स्वतः ओढून घेतं."

"बार म्हंजे?" बाळासोंनी विचारलं.

"प्रेशर सर. दाब."

"मग म्हशीला किती बार लागतंय?"

विक्रीवाल्याच्या तोंडातला पाहुणा उठून गेला. "म्हशीला?" त्यानं माहितीपत्रक उलटसुलट केलं. "काका, हितं कार हाय, बाईक हाय, फरशी हाय, खिडकीची जाळीसुद्धा हाय. म्हैस न्हाय वो."

"काढा की मग एक फोटो. आम्ही देतो म्हैस."

स्वप्नाली पदर तोंडाला लावून हसली. बाळासोंनाही बरं वाटलं. दुखण्यानंतर पहिल्यांदाच ते असे दुकानात उभं राहून सौदा करत होते. ते म्हणाले, "दोन्ही चालू करा. हातावर घेऊन बघतो."

"काका, हातावर नसतंय घ्यायचं. लिहिलंय तसं."

"लिहिणाऱ्याच्या घरात म्हैस हुती व्हय? करा चालू."

तेवढ्यात विजयसिंहचा व्हिडिओ कॉल आला. जेवणाच्या सुट्टीत होता. स्वप्नाली फोन घेऊन मशिनं दाखवायला दोन पावलं पलीकडं गेली. विक्रीवाल्यानं दारातल्या नळाला पाइप जोडली. उजव्या हातात काठी होती. ती सोडली तर बाळासो पडले असते. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी डाव्या हाताची बाही दातांनी वर ओढली आणि हात पुढं केला.

आधी बारकं. पाणी पंख्यासारखं पसरून हातावर आलं. बाळासोंनी डोळे मिटले, मान टाकली. त्यांना पाण्याचा आवाज ऐकू आला, पायांवर गार शिंतोडे आले, आणि हातावरही काहीतरी आल्यासारखं वाटलं. वाटायचं ते सवयीनंच वाटलं. "मऊ हाय," ते म्हणाले.

मग मोठं. विक्रीवाला लांब उभा होता. बाळासोंनीच काठी टेकत एक पाऊल पुढं टाकलं. हात पाण्यात आणखी आत गेला.

"लागत न्हाय न्हवं काका?"

"न्हाय रं. वासरानं चाटल्यागत." त्यांनी डोळे उघडले. "दोन्ही सारखंच मऊ हाय की. मग फरक कशाचा सांगतोस?"

फोनमधून विजयसिंहनं ते ऐकलं. "दोन्ही मऊच हायत, तर मग मोठं घ्या. बाईक पण हुईल, फरशी पण हुईल. बारकं घेऊन काय करायचं?"

बाळासोंना महंमदचं आठवलं. एकदम बारकं, तो म्हणाला होता. पण महंमद ट्रक धुणारा माणूस. हातानं सांगितलेलं महंमदपेक्षा खरं. आणि मोठं घेतलं तर त्यात विजयसिंहच्या मनासारखंही काही होणार होतं. तो जरा मऊ झाला असता. बाळासोंनी हाताकडं न बघताच ओली बाही खाली ओढली. "मोठंच बांधा."

निघताना मागं त्यांनी ऐकलं, विक्रीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "सर, सेफ्टीची काळजीच सोडा. आत्ताच एका काकांनी स्वतःच्या हातावर घेऊन बघितलं." बाळासो रिक्षात बसेपर्यंत ताठ चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात मशीन चालू झालं तेव्हा काजळीनं कान मागं टाकले. बाळासो तिच्या तोंडापाशी खांबाला टेकून उभे होते, उजव्या हातानं तिचं कपाळ खाजवत. "हाय की मी. हितंच हाय." स्वप्नालीनं लांबून पाठीवर पाणी मारलं. रात्रीचं शेण पापडासारखं सुटून खाली पडलं आणि आतली काळी कातडी चमकत वर आली. काथ्यानं ज्याला सकाळ जायची ते एका फटकाऱ्यात झालं. शेजारची बायडाबाई भिंतीवरून डोकावली. "काय गं, म्हशीचं लगीन काढलंस काय?"

"व्हय काकू. नवरा बघा एखादा."

"माझाच घेऊन जा की," बायडाबाई म्हणाली. "त्यालाबी धुवून घे."

स्वप्नाली हसत होती, ताठ उभी राहून, कमरेवर हात न ठेवता. बाळासोंना वाटलं, झालं. राहिली काजळी. मांडीच्या आतल्या बाजूला, कासेच्या वर, शेणाचा एक वाळका पोपडा धरून बसला होता. लांबून तो निघेना.

"मामा, जवळनं मारू?"

"मार की. मऊच हाय ते."

स्वप्नालीनं बंदुकीचं तोंड जवळ नेलं. पोपडा उडाला आणि ते पाणी तसंच खाली कासेवर, सडावर गेलं.

काजळी ओरडली. तसा आवाज त्या गोठ्यात कुणी ऐकला नव्हता. तिनं मागचा पाय झाडला, दावं तुटलं, स्वप्नाली भिंतीवर आदळून खाली बसली. बंदूक सुटली, पण खटका दाबलेलाच अडकला आणि पाइप सापासारखी अंगणभर नाचत राहिली. बायडाबाईनं उडी टाकून बटण बंद केलं. स्वप्नालीचं मनगट बघता बघता सुजलं. काजळी कोपऱ्यात जाऊन थरथरत उभी होती आणि बाळासोंनी हाक मारली तरी बघत नव्हती.

दुपारपर्यंत स्वप्नालीच्या हाताला प्लास्टर झालं. जनावरांचे डॉक्टर काजळीला बघून गेले. सड फाटला होता, कास सुजली होती. जखम भरेल, ते म्हणाले, पण पुन्हा कुणाला कासेखाली बसू देईल का ते सांगता येत नाही. संध्याकाळी विजयसिंह बादली घेऊन बसला तर तिनं दूध वर ओढून धरलं. एक थेंब दिला नाही. या वेळी तिनं खरोखर चोरलं.

बाळासो दिवसभर गोठ्याच्या उंबऱ्यावर होते. तोंडात एकच वाक्य. "मशीन खोटं हाय. दुकानात मऊ हुतं. मी बघितलंय हातानं."

अंधार पडायच्या आधी विजयसिंह त्यांचा कालचाच, शेणानं भरलेला शर्ट बदलायला बसला. नेहमी स्वप्नाली बदलायची. त्यानं डावी बाही ओढली आणि तो थांबला. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा पडला होता. मधोमध कातडं सोलून निघालेलं, त्याला कापड चिकटून बसलेलं.

"आबा, ह्ये काय?"

बाळासोंनी खाली बघितलं. दुसऱ्या कुणाचा तरी हात बघावा तसं बघितलं.

"दुखंना व्हय तुमास्नी?"

बाळासोंनी उजव्या हातानं बाही पुन्हा खाली ओढायला बघितली.

"दुकानात कुठला हात दिलासा पुढं?"

"नेहमीचाच," बाळासो म्हणाले.

विजयसिंह चिकटलेलं कापड हळूहळू सोडवायला लागला. मग बाळासोच म्हणाले, "कळत न्हाय त्या हाताला. वारं गेल्यापास्नं. सांगितलं असतं तर तू म्हैस काढली असतीस."

दारात स्वप्नाली उभी होती, गळ्यात झोळी, झोळीत हात. "मामा, मी तिथंच हुते," ती म्हणाली. "मला कळाय पाहिजे हुतं."

"गप गं पोरी. हात माझा हुता."

विजयसिंह उठून आत गेला. मलम आणून जखमेला लावत बसला. लावताना त्याचा हात हलका होता, फुंकर घालत होता, आणि बाळासोंना त्यातलं काहीच समजत नव्हतं. म्हणून ते त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

दसऱ्याच्या आधीच शिरोळकडचा एक शेतकरी, कृष्णात, काजळीला न्यायला आला. मोठी दावण होती त्याची, सावकाश मायेनं बघणारी आई होती घरात. कासेची जखम भरून आली होती, पण स्वप्नालीच्या प्लास्टरकडं बघूनही म्हैस मागं सरकायची. बाळासोंनी ठरल्याप्रमाणं एक शब्द काढला नाही. स्वप्नालीनं उजव्या हातानं तिच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं, म्हणून कृष्णातनं आणलेलं नवं दावं घातलं आणि जुनं, तुटल्या जागी गाठ मारलेलं, बाळासोंनी खांद्यावर घेतलं.

टेम्पोच्या फळीपाशी काजळी अडली. ओढलं, ढकललं, पेंड दाखवली. चार पाय रोवून उभी. कृष्णात घामाघूम झाला.

"पावणं," तो बाळासोंना म्हणाला, "तुमचं ऐकंल ती. मारा की एक हाक."

बाळासो काठी टेकत टेम्पोच्या तोंडाशी गेले. विजयसिंह म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ द्या. आम्ही चढवतो." पण ते फळीच्या कडेला जाऊन उभे राहिले होते. घसा खाकरला.

"हुर्र काजळे," ते म्हणाले. "हुर्र."

कवड्या वाजल्या. ती फळीवरून चढून आत गेली आणि आत गेल्यावर वळून, ते मागून येताहेत का, ते बघत राहिली.

दिवाळी झाली. गोठ्याची फरशी आता कोरडी असते. विजयसिंह सुट्टीला तिथंच मोटरसायकल लावून त्या मशीननं धुतो, आणि बाळासो उंबऱ्यावर बसून बघतात. मशीन चांगलं चाललंय. दोष काहीच नाही त्यात. महंमद संध्याकाळी येऊन बसतो आणि हल्ली हळू बोलतो. कट्ट्यावर दूध प्यायला तोही जात नाही. घरीच प्लॅस्टिकच्या पिशवीतलं दूध पितो आणि त्याला नावं ठेवतो.

परवाच्या सुट्टीला गाडीचं पुढचं चाक धुवून झालं तेव्हा बाळासो काठी भिंतीला लावून, खांबाला पाठ टेकून उभे राहिले.

"विजू, जरा ह्या हातावर मार."

त्यांनी उजवा हात पुढं केला होता.

"काय खुळ्यागत करताय आबा."

"मार म्हणतोय न्हवं."

विजयसिंहनं बंदुकीचं तोंड लांब धरलं, होईल तेवढं लांब, आणि बोटानं खटका जेमतेम दाबला. बाळासोंनी डोळे मिटले नाहीत. एक पाऊल पुढं सरकले. पाणी कोपराखाली लागलं आणि त्यांचा हात चटका बसल्यासारखा मागं आला. ते खांबाला धरून राहिले. हातावर लाल पट्टा उमटत होता. त्याकडं ते बघत होते.

"एवढं लागलं व्हय तिला," ते म्हणाले.

विजयसिंहनं मशीन बंद केलं. गाडीचं मागचं चाक तसंच राहिलं.